चमचाभर नेम

सकाळी उठल्यापासून प्रार्थना होईपर्यंत धाकटी कुणाशी एक शब्द बोलत नसे. हा तिचा लहानपणापासूनचा नेम, आणि तो साऱ्या घराला पाठ होता. वहिनीला काही सांगायचं असलं तर ती जिन्याखाली उभी राहून आधी "बोलू नकोस, नुसतं ऐक" असं ओरडायची आणि मगच मुद्द्यावर यायची. पण गेल्या पाच आठवड्यांपासून त्या प्रार्थनेच्या शेपटीला आणखी एक नेम जोडला गेला होता, आणि तो मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. जोडलेले हात सुटले की धाकटी खिडकीखालच्या कपाटातून एक जुना पत्र्याचा डबा काढायची, त्यातलं मातकट चूर्ण चमचाभर घेऊन कोमट पाण्यात कालवायची आणि डोळे मिटून घोटाघोटाने संपवायची. चव भिजलेल्या भुशाची. पेल्याच्या तळाला चिकटलेलं सुद्धा पुन्हा पाणी फिरवून ती पिऊन टाकायची आणि मनात म्हणायची, "दादासाठी."

चूर्ण मिल्क थिसलचं होतं. ते जांभळ्या फुलांचं काटेरी झाड तिने कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्याच्या बिया यकृताला चांगल्या असतात, एवढं कानावर आलेलं. डबाही तिचा नव्हे, दादाचा.

दादा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. खालच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला त्याचं दुकान, मागे दादा-वहिनीचं घर, आणि वर जिन्याने गेलं की धाकटीची खोली. दादाचं यकृत गेली दोन वर्षं हळूहळू हात टेकत आलं होतं. दारूच्या थेंबाला तो कधी शिवला नव्हता; लहानपणी शिरलेला काविळीचा विषाणू रक्तात दबा धरून बसला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण लोकांना विषाणूपेक्षा बाटली पटकन समजते. दुकानात येणारं गिऱ्हाईक त्याच्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहून "आता तरी सोडा हो" असं दबक्या आवाजात सांगून जायचं. दादा मशीनच्या पोटात स्क्रू ड्रायव्हर घालून म्हणायचा, "सोडायला आधी धरायला लागते. एवढी बदनामी होणार हे माहीत असतं, तर एकदा चव तरी बघितली असती."

मोठ्या हॉस्पिटलात जायच्या आधी त्याने वर्षभर हे चूर्ण घेतलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की आम्ही लिहून दिलेलं सोडून बाकी सगळं बंद. दादाने बंद केलं. वहिनी डबा कचऱ्यात टाकायला निघाली तेव्हा धाकटी म्हणाली, "मला दे, डबा चांगला आहे." डबा वर गेला.

मग ठरलं की दादाचं यकृत बदलावं लागणार. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा काढून दुसऱ्याला बसवतात, आणि देणाऱ्याचं काही महिन्यांत बरंचसं भरून येतं, हे ऐकून वहिनीने आधी स्वतःची बाही वर केली. तिचा रक्तगट जुळला नाही. धाकटीचा जुळला. त्या दिवशी घरी येऊन धाकटी बराच वेळ खिडकीशी बसली होती. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा तिला वाटत होती ती लगबग. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याकडे कायमची राहायला जाणार असली की ती आपण पुसून, उन्हात ठेवून, टाके घालून देतो. यकृत कसं पुसणार? तेवढ्यात तिची नजर डब्यावर गेली.

दुसऱ्या दिवसापासून नेम सुरू झाला. आणि नेम सांगायचा नसतो, हे तिला आईने शिकवलं होतं. आई म्हणायची, "बोलून दाखवलास की त्याचं बळ गेलं म्हणून समज. मग ती नुसती बढाई." आई गेल्याला अकरा वर्षं झाली होती, पण धाकटीच्या मनात ते वाक्य अजून आईच्याच आवाजात उमटायचं.

हॉस्पिटलात दात्यांची तपासणी बघणारी एक जाडजूड सिस्टर होती. गळ्यात दोरीला बांधलेलं पेन, हातात फळी, आणि फळीवर प्रश्नांची लांबलचक यादी. सगळे तिला यादीवाली सिस्टर म्हणत. पहिल्याच दिवशी तिने यादी वाचायला घेतली होती.

"रोजची गोळी?"

"नाही."

"टॉनिक, काढा, चूर्ण, वजन कमी करायचं काही, केस वाढवायचं काही?"

'चूर्ण' या शब्दाशी धाकटी अडली. ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती. पण हे औषध थोडंच होतं? हे तर दादासाठी देवापुढे ठेवलेलं काहीतरी होतं. आणि आता इथे फळीवर लिहून घेतलं, चार जणांनी वाचलं, की त्याचं बळ जाणार. बळ गेलं तर जाणार कुणाचं? दादाचं. ती म्हणाली, "नाही."

तीन आठवड्यांनी पहिला रिपोर्ट आला, तेव्हा तिच्या यकृताचे आकडे जरासे चढलेले निघाले. "थोडंसंच आहे," सिस्टर म्हणाली, "दोन आठवड्यांनी पुन्हा बघू." धाकटी घरी आली ती हबकून. आपलं यकृत कमी पडतंय, एवढाच अर्थ तिने लावला. दुसऱ्या दिवसापासून एका चमच्याचे दोन चमचे झाले.

आज दुसरा रिपोर्ट होता.

हॉस्पिटलच्या लांब बोळात निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर धाकटी आणि वहिनी बसल्या होत्या. यादीवाली सिस्टर दारातून आली ती कागद वाचतच. तिने खुर्ची ओढली आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. सिस्टर जवळ बसली की बातमी चांगली नसते, हे वहिनीला दोन वर्षांत कळलं होतं.

"आकडे दुपटीने वाढलेत, ताई," सिस्टर म्हणाली. "दोन आठवड्यांपूर्वी होते त्याच्या दुप्पट. ताप आला होता? कावीळ? डोकं दुखतं म्हणून कुठली गोळी?"

"नाही हो."

"बाहेरचं काही खाल्लं?"

"ही बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही," वहिनी म्हणाली. "हिच्याएवढं सरळ माणूस तुमच्या यादीत दुसरं नसेल."

सिस्टरने पेन फळीवर आपटलं. "सरळ माणसाचं यकृत असं विनाकारण चढत नाही. आणि कारण सापडलं नाही तर डॉक्टर धडधाकट माणसाला टेबलावर घेणार नाहीत. गुरुवारी सगळ्या डॉक्टरांची बैठक आहे. त्यात तुमचं नाव बहुतेक कापलं जाईल. म्हणून पुन्हा विचारते. काही घेता? काहीही?"

बोळाच्या टोकाला कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं आणि तिचं एक चाक चुंईचुंई करत होतं. धाकटी त्या चाकाकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली.

परत येताना वहिनी एक शब्द बोलली नाही. वहिनीने गप्प बसणं म्हणजे घड्याळ बंद पडण्यासारखं होतं. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "दुसरं कोण आहे आपल्याकडे?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. दुसरं कोणी नव्हतं. दादाची मुलगी जेमतेम पंधराची, तिला घेत नाहीत. चुलतभाऊ साखरेचा रोगी. यादी धाकटीपाशी सुरू होऊन धाकटीपाशीच संपत होती.

दादा दुकानात एका काळ्या जुन्या मशीनला तेल घालत होता. पोट फुगलेलं म्हणून स्टूल लांब सरकवून, हात ताणून काम करायचा. धाकटीने त्याला सगळं सांगितलं. डबा सोडून सगळं.

दादाने तेलाची कुपी खाली ठेवली. चेहऱ्यावर दुःख यायला हवं होतं. आला तो सुटकेचा भाव.

"बरं झालं," तो म्हणाला.

"काय बरं झालं?"

"अगं, मला पहिल्यापासून हे पटत नव्हतं. चांगल्या माणसाचं पोट फाडायचं आणि त्यातलं मला घालायचं. तुला काही झालं असतं, तर वर गेल्यावर आईला मी काय तोंड दाखवलं असतं? ती पहिल्यांदा कान पिळणार आणि मग विचारणार." तो हसला. "देवानेच नाही म्हटलं बघ, धाकटे. तू एवढी देवाची, तुझं तरी तो ऐकणार आणि मग उत्तर देणार. दिलं त्याने उत्तर."

ती जिना चढून वर आली आणि दार लोटून घेतलं. देवाने नाही म्हटलं? पाच आठवडे ती रोज सकाळी त्याच्याकडे 'हो' मागत होती. एका चमच्याने, मग दोन चमच्यांनी. तो इतक्या निवांतपणे रोज ऐकून घेत होता आणि शेवटी नाही म्हणाला? आपल्या नेमात काय चुकलं, हे ती शोधत बसली. एक दिवस पाणी जरा गार होतं. एक दिवस चूर्ण पिताना मनात भाजीचा विचार आला होता. अशा बारीकसारीक चुका तिला खूप सापडल्या. डब्यावर संशय घ्यावा असं तिच्या मनात आलंच नाही. माणूस ज्याच्यावर श्रद्धा ठेवतो त्याला सगळ्यात शेवटी तपासतो.

दुसऱ्या दिवशी बुधवार. ती कामावर गेली.

धाकटी एका लहानशा व्हिनेगरच्या कारखान्यात होती. बावीस वर्षं. तिथे दोन तऱ्हेचं व्हिनेगर भरलं जाई: एक स्वयंपाकात घालायचं, आणि एक फरशा, नळ आणि काचा साफ करायचं, त्याच्या तिप्पट जहाल. दोन्ही दिसायला पाण्यासारखी, दोन्ही एकसारख्याच बाटल्यांत. फरक फक्त लेबलाचा. म्हणून शेवटच्या टेबलावर धाकटी बसायची आणि तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही बाटली खोक्यात पडत नसे. वाकडं लेबल परत, सुटलेलं परत. आणि लेबल नसलेली बाटली परत सुद्धा जात नसे. ती सरळ मोरीत रिकामी व्हायची. तिथे तिला लेबलताई म्हणत, आणि मालकसुद्धा तिच्यापुढे नमतं घेत.

त्या सकाळी मशीनचा डिंक आटला आणि तीस-चाळीस बाटल्या कोऱ्याच पुढे आल्या. शेजारच्या टेबलावर झाकणं घट्ट करणारी एक जाड चष्म्याची बाई बसायची. दोघींची बावीस वर्षांची सोबत, त्यामुळे बोलायला कुणी कुणाला भीत नसे. धाकटीने पहिली बाटली मोरीकडे वळवली तशी चष्मेवाली म्हणाली, "अगं, राहू दे की! सकाळपासून खायचंच भरतोय आपण. मी स्वतः पाहिलंय. चांगला माल कशाला ओततेस?"

"लेबल कुठाय?"

"लेबल नसेना का! मला माहीत आहे ना आत काय आहे ते."

"तुला माहीत आहे," धाकटी नेहमीच्या, हळू पण ठाम आवाजात म्हणाली, "पिणाऱ्याला काय माहीत? आणि तुला तरी काय माहीत? पाइपात काल रात्रीचं जहाल उरलं नसेल कशावरून? ज्याच्यावर लिहिलेलं नाही, त्यात काय आहे ते सांगू नये. आणि जे सांगता येत नाही ते कुणाच्या पोटात..."

ती थांबली.

बाटली तिच्या हातात तिरकी होती आणि व्हिनेगर मोरीत भळभळा पडत होतं. ते संपलं तरी हात तसाच राहिला.

"काय गं?" चष्मेवालीने चष्मा वर सरकवला. "वाक्य अर्धंच? तू वाक्य अर्धं टाकलेलं बावीस वर्षांत ऐकलं नाही मी."

"माझ्या घरी," धाकटी सावकाश म्हणाली, "एक डबा आहे."

"मग?"

"त्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही."

चष्मेवालीला त्यातलं काही कळलं नाही. पण एवढं कळलं की आज लेबलताईने जेवणाच्या सुट्टीआधी घरी जायला परवानगी मागितली, आणि हेही असं बावीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

घराच्या वाटेवर धाकटीची पावलं पुढे पडत होती आणि मन मागे ओढत होतं. बोलले तर नेम मोडतो. नेम मोडला तर दादाचं काय? आणि न बोलले तर उद्या नाव कापणार. मग तरी दादाचं काय? ती दोन्ही पारड्यांत दादालाच बसवत होती आणि पारडी हलत नव्हती. जिन्याखाली वहिनी कपडे वाळत घालत होती. चिमटा दातात धरून तिने विचारलं, "एवढ्या लवकर?"

धाकटी खालच्या पायरीवर बसली आणि सांगून टाकलं. डबा, एक चमचा, दोन चमचे, यादीवर दोनदा दिलेलं 'नाही', आणि आईचं वाक्य. वहिनीने चिमटा दातातून काढला नाही. सगळं ऐकून झाल्यावर काढला.

"वन्सं," ती म्हणाली. एरवी नावाने हाक मारणारी वहिनी फार रागावली किंवा फार माया आली की 'वन्सं' म्हणायची. या वेळी दोन्ही होतं. "हे देवाला माहीत होतं?"

"देवाला तर सगळं..."

"मग देवाला माहीत असलेलं सिस्टरला सांगायला काय झालं होतं? देवाला न विचारता कळतं. ती बिचारी फळी घेऊन विचारत फिरते."

"आई म्हणायची, बोललं की बळ जातं."

वहिनी ओल्या हातांनीच तिच्या शेजारी पायरीवर बसली. "तुझी आई माझी सासू होती. पंधरा वर्षं तिच्या हाताखाली काढलीत मी. ती कुणाला सांगू नको म्हणायची ते ठाऊक आहे? शेजारणींना. जाऊन मिरवू नको, वाहवा मिळवू नको, असं म्हणायची. डॉक्टरने विचारलं तर गप्प बस, असं ती माउली कधी म्हणाली असती का? ती तर डॉक्टरांना न विचारलेलंसुद्धा सांगायची. तिच्या गुडघ्याची कहाणी ऐकून एक डॉक्टर मागच्या दाराने निघून गेला होता."

धाकटीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. वहिनीने तिला दोन मिनिटं रडू दिलं आणि मग उठून म्हणाली, "डबा घे. चपला घाल. उद्याची बैठक आहे, आणि सिस्टरचं ऑफिस पाचला बंद होतं."

डबा पिशवीत घालण्याआधी धाकटीने खणातून एक कोरं लेबल काढलं. कारखान्यातून आणलेली चार-पाच तिच्याकडे नेहमी पडलेली असत. तिने त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "मिल्क थिसलचं चूर्ण. आत आणखी काय आहे, माहीत नाही." आणि ते सरळ, अंगठ्याने दाबून डब्यावर चिकटवलं.

यादीवाल्या सिस्टरने लेबल दोनदा वाचलं. मग म्हणाली, "माहीत नाही असं लेबल मी नोकरीत पहिल्यांदाच बघतेय." तिने पेन उचललं. "किती, कधीपासून, ते सांगा."

धाकटीने सांगितलं. प्रत्येक शब्दाबरोबर काहीतरी हातून निसटतंय असं वाटत होतं. सिस्टरने लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं, आणि रागावली मात्र नाही. उठून तिने डॉक्टरांनाच बोलावून आणलं.

डॉक्टर उंच, थकलेले, बोलायला सावकाश. त्यांनी डबा उघडून वास घेतला आणि झाकण लावलं.

"यानेच आकडे चढले का?" धाकटीने विचारलं.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "मिल्क थिसल म्हणून जे असतं ते बहुतेकांना सोसतं. त्याने यकृत सुधारतंच असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, आणि त्यानेच तुमचं बिघडलं असंही नाही. पण या डब्यात तेवढंच आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"मग मला तरी कोण सांगणार? आज बंद करा. चार आठवड्यांनी रक्त बघू. आकडे उतरले तर पुढचा विचार करू. नाही उतरले तर दुसरं कारण शोधावं लागेल, आणि तेवढा वेळ..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाले, "चार आठवडे तुमचे भाऊ काढतील. उद्या मी तुमचं नाव कापू देत नाही. पण ताई, निरोगी माणसाला टेबलावर घ्यायचं म्हणजे मला त्याच्याबद्दल सगळं माहीत असावं लागतं. मला अर्धंच माहीत असलं, तर माझा हात चुकतो."

घरी पोचल्यावर वहिनीने डबा दादाच्या कामाच्या टेबलावर, स्क्रूंच्या वाटीशेजारी ठेवला आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "बघ तुझ्या देवाचं उत्तर. डब्यातून आलं होतं."

दादाने लेबल वाचलं. धाकटीकडे पाहिलं. त्याला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्याच्या पिवळ्या चेहऱ्याचा रंग आणखीच उडाला.

"हे तू प्यायलीस?"

"पाच आठवडे."

"अगं, पण यात..." तो थांबला आणि वहिनीकडे चोरून पाहू लागला.

"यात काय?" वहिनी म्हणाली.

दादाने स्क्रू ड्रायव्हर या हातातून त्या हातात घेतला. "मिल्क थिसल अर्ध्यावरच संपलं होतं. मग बाजारातल्या त्या मुळ्या विकणाऱ्या म्हाताऱ्याने दुसरी एक पुडी दिली. म्हणाला, यकृताचीच आहे. ती यात ओतली. नंतर एका गिऱ्हाईक बाईने तिच्या माहेरची कसली तरी पूड आणून दिली. तीही यात. रंग सारखाच होता, चमचा एकच होता, मी म्हटलं कशाला तीन डबे."

"आणि हे मला सांगितलं नाहीस?" वहिनी.

"तू ओरडली असतीस."

"आणि डॉक्टरांना?"

"त्यांनी सगळं बंद करा म्हटलं. मी बंद केलं. काय होतं, ते त्यांनी विचारलं होतं," दादाचा आवाज खाली गेला, "मी म्हटलं, मिल्क थिसल. ते ऐकायला बरं वाटतं. म्हाताऱ्याची पुडी म्हटलं तर डॉक्टर हसतील, असं वाटलं."

रस्त्यावरून एक सायकल गेली. मग धाकटी हळूच म्हणाली, "मला वाटायचं, या घरात मी एकटीच काहीतरी लपवते."

"एकाच आईची पोरं," वहिनी म्हणाली. "एक देवाच्या नावाने गप्प, एक माझ्या नावाने गप्प. मधे मी आपली सगळ्यांना सांगत फिरते, ही सरळ आहे म्हणून." आणि तिने डबा उचलून बाहेर नेला. या वेळी कुणी तो मागितला नाही.

पुढचे चार आठवडे धाकटीला फार जड गेले. सकाळी प्रार्थना झाली की हात सवयीने कपाटाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. दादासाठी आता करायला काहीच उरलं नव्हतं. काही दिवस ती नुसतं कोमट पाणी पीत होती. मग तेही तिला स्वतःलाच फसवण्यासारखं वाटलं आणि तिने सोडून दिलं. नेम मोडलेल्या माणसाने देवापुढे कसं बसायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती नुसती बसायची. एके दिवशी तिच्या लक्षात आलं की या बसण्यात आपण काहीच मागितलं नाही, काहीच दिलं नाही, आणि तरी उठताना मन हलकं आहे. त्याचं काय करायचं ते तिला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशीही ती तशीच बसली.

दादा खाली दुकानात कमी कमी वेळ बसू लागला होता. दोनदा त्याच्या पोटातलं पाणी काढावं लागलं. तरी एका संध्याकाळी तो कठडा धरून जिना चढून वर आला, पंधरा पायऱ्यांत तीन वेळा थांबून, आणि दारात धापा टाकत म्हणाला, "आकडे उतरले तर मी नाही म्हणणार नाही. मी पण नाटक करत होतो. भीती मला माझी होती आणि नाव तुझं घेत होतो."

"बस आधी," धाकटी म्हणाली.

"बसतो. पण ते लिहून घे कुठेतरी. तू लिहिलंस की ते पक्कं होतं."

चार आठवड्यांनी त्या निळ्या खुर्च्यांवर तिघंही बसले होते. यादीवाली सिस्टर दारातून आली. कागद तिच्या हातात होता आणि ती उभीच राहिली. खुर्ची ओढली नाही. वहिनीने ते आधी पाहिलं आणि तिच्या तोंडून एक मोठा श्वास सुटला.

"उतरलेत," सिस्टर म्हणाली. "हवेत त्या रेषेच्या आत. दहा दिवसांनी पुन्हा एकदा बघतील, आणि तसेच राहिले तर तारीख देतील. डॉक्टरांनी सांगायला सांगितलंय की पेशंटने तोवर दुकान बंद ठेवावं."

दादाने मान खाली घातली. धाकटीने त्याचा हात धरला. त्या हाताला अजून मशीनच्या तेलाचा वास येत होता.

"पण आता," सिस्टर म्हणाली, आणि आता मात्र खुर्ची ओढून बसली, "यादी पहिल्यापासून. दोघांची. भाऊ, आधी तुम्ही."

दादाने सांगितलं. लिहून दिलेल्या गोळ्या, त्यांच्या वेळा, चुकलेली एक वेळ, चोरून खाल्लेला खारट बिस्किटांचा अर्धा पुडा. वहिनी "कधी?" म्हणून किंचाळली, आणि सिस्टरने तेही लिहिलं.

"ताई, तुम्ही?"

"गोळी नाही. टॉनिक नाही. काढा नाही," धाकटीने सावकाश सुरुवात केली. "चूर्ण होतं, ते चार आठवड्यांपूर्वी बंद. दिवसाला दोन चहा. परवा दाढ दुखली, पण लवंगसुद्धा धरली नाही, तुम्हाला विचारायचं म्हणून. आणि सकाळी प्रार्थना होईपर्यंत मी बोलत नाही. लहानपणापासून."

सिस्टरचं पेन हवेतच थांबलं. "ते लिहायची गरज नाही हो."

धाकटीने तिच्या फळीवरचा अर्धा कोरा कागद पाहिला आणि आपल्या हळू, ठाम आवाजात म्हणाली, "लिहा. म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तुम्ही काही विचाराल आणि मी गप्प राहीन, तेव्हा माझ्या पोटात काही आहे असं कुणाला वाटायला नको."

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि दोरीचं पेन ओढून घेऊन लिहायला लागली.